ओशट तारा

आमच्या घरात पहिली पदवी आली ती परब सरांमुळे. कोकणातून सिल्वासाच्या शाळेत आलेले सर जॅझ गिटार वाजवायचे. दोन्ही हातांची बोटं तारांवर नुसती आपटून ते एकाच वेळी दोन धून काढत.

परवा लग्नात मटणाच्या रश्श्याचा वास आला आणि सरकारी साहेबांच्या बंगल्यावरची ती जुनी मेजवानी आठवून शिसारी आली. पोर्तुगीज जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. सरांची गिटारची पेटी उचलून मी, त्यांचा विद्यार्थी, सोबत गेलो होतो. सर वाजवत होते, बाकीचे जेवता जेवता वाहवा करत होते.

"मास्तर, आ तो टायपिंग छे," ठेकेदार म्हणाला.

"मग माझा बदलीचा अर्जही टाईप करा," साहेब हसले.

मग एकेकाने रश्श्याने बरबटलेली बोटं तारांवर आपटून पाहिली. तारांवरून पिवळं तेल ओघळलं. मला तेव्हा वाटलं, सरांना केवढे चाहते! सरांनी त्यांच्या घरी पोचल्यावर तारा पुसल्या, गिटार पेटीत ठेवली आणि पुन्हा काढली नाही.

बी.ए. झाल्यावर मी त्यांना लिहिलं, "सर, पास झालो. पेढे घेऊन येतोय. पण आधी तुम्ही वाजवा. मी हात धुऊन समोर बसेन. पेढे नंतर खाऊ."