टर्नरचा अंगठा

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या मुलीने आयटीआयच्या टर्नर ट्रेडला प्रवेश घेतला. ज्याच्यामुळे घेतला, त्याला आम्ही शाळासोबती तीस वर्षं टर्नरच म्हणतो.

लेथवर कातलेल्या लोखंडावरून तो अंगठा फिरवतो आणि माप सांगतो. मग व्हर्नियर लावून पाहतो. तो चुकण्याची मी बरीच वाट पाहिली. एकदा चुकला, तपासलं तेव्हा व्हर्नियरच बिघडलेला निघाला.

दहावीला त्याचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. निकालाच्या दिवशी सरांनी त्याच्या वडिलांना आयटीआय सुचवलं. मुलगा लवकर कामाला लागेल म्हणाले. माझे वडील तुकोगंजातल्या एका ऑफिसात क्लार्क होते. त्यांना सायन्स सुचवलं. सायन्समधून मी जेमतेम बाहेर पडलो आणि वर्तमानपत्रात लागलो. टर्नर यावर एकदाच बोलला, "सरने मार्क कुठे पाहिले, भिया? आडनावं पाहिली."

त्याचं वर्कशॉप सुदामा नगरात, आमच्या घरामागच्या गल्लीत. निवृत्तीनंतर वडील रोज सकाळी तिथे जाऊन बसत. माझी बातमी छापून आली की पेपर घडी करून ठेवत. टर्नरने कातलेली एक पुली मात्र घरी आलेल्या प्रत्येकाच्या हातात देत. वडील गेले आणि त्यांच्या स्टुलावर माझी मुलगी बसू लागली. बारावीनंतर तिने सांगितलं, मला हेच शिकायचंय.

तिला समजाव, असं सांगायला मी टर्नरकडे गेलो. तो आधीच समजावून थकला होता. स्वतःच्या मुलीला त्याने लेथला कधी हात लावू दिला नव्हता. ती इंजिनिअरिंगला आहे. असं का, मी विचारलं.

"तुझी पोरगी तेलात हात घालेल तर लोक कौतुक करतील," तो म्हणाला. "माझी घालेल तर म्हणतील, इनका तो यही काम है."

इतकं नेमकं वाक्य मला नोकरीच्या इतक्या वर्षांत लिहिता आलेलं नाही. त्या दिवशी मला सर्वांत जास्त हेवा त्याचा वाटला.

फॉर्मवर मी सही केली. प्रवेशानंतरही ट्रेड बदलायला काही दिवस मुदत होती. मी मुलीला दोनदा आठवण करून दिली. तिने बदलला नाही. दुसऱ्या महिन्यात तिने पहिला बुश कातला, बोटाएवढा, आरपार पोकळ. त्याचा फोटो तिने टर्नरला पाठवला. मला तो टर्नरने त्याच्या मोबाईलवर दाखवला.