बबी मोठी होते

सोलापूरच्या भवानी पेठेतले शिवलिंगप्पा चादरींचे दुकान चालवत, पण गणपती जवळ आले की दुकान भावावर टाकून ते नाटककार होत. मुंबईला मेहुण्याकडे टीव्हीवर एका कुटुंबाच्या भांडणांची विनोदी मालिका पाहिली आणि त्यांना वेडच लागले. सोलापुरात टीव्ही पोचला नव्हता, म्हणून मालिका मंडपातच सुरू झाली. दर वर्षी तेच घर, तीच माणसे, भांडण तेवढे नवे. घरातली आगाऊ बबी म्हणजे त्यांची मुलगी दाक्षायणी.

१९७८ साली दाक्षायणी कॉलेजात गेली. बबी मात्र अजून चौथीतच होती.

"अप्पा, बबीला मोठी करा की. माझ्या मैत्रिणी पुढंच बसणार हायेत."

"लोकांना बबीच पायजे. मोठ्या पोरी काय, घरोघरी हायेत."

"फ्रॉक घालून मी चॉकलेटसाठी रडू?"

"गेल्या वर्षी लई झकास रडलीस की!"

"यंदा खरंच रडेल," आई नागम्मा पोळ्या लाटत म्हणाली. "तालीम वाचली तुमची."

प्रयोगाला दाक्षायणी आईची इरकल नेसूनच रंगमंचावर आली. विंगेत वही धरून बसलेल्या शिवलिंगप्पांना वाटले, पोरगी घाबरून वाक्य विसरली. ते कुजबुजले, "बाबा, मला चॉकलेट!" ती पदर सावरत राहिली. त्यांनी आवाज चढवला. तिसऱ्या वेळी तो घोगरा हट्ट थेट शेवटच्या रांगेत पोचला, "बाबा, मला चॉकलेट पायजे!"

मंडपात हशा पिकला. दाक्षायणी विंगेकडे वळली.

"आजोबा, या वयात चॉकलेट? तोंडात दात हायेत का?"

नाटककाराला राहवले नाही. "दात मोजायला कॉलेजात घातलं व्हय तुला?" म्हणत ते वहीसकट बाहेर आले. नाटकातला बाप झालेला बिरप्पा आ वासून बघतच राहिला. शिवलिंगप्पांनी पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"आमची बबी कुटं गेली?"

"मोठी झाली, आजोबा."

शिवलिंगप्पांनी वही मिटली.

"मग मला कुणी सांगितलं न्हाय ते!"

"रोज सांगतीय की!"

"मी बी!" बायकांच्या घोळक्यातून नागम्मा ओरडली. टाळ्या काही केल्या थांबेनात.

पुढच्या वर्षी बबी कॉलेजात गेली, आणि आजोबा अर्थातच शिवलिंगप्पा झाले. तालमीत दाक्षायणीने त्यांची निम्मी वाक्ये कापली, तेव्हा ते तक्रार घेऊन थेट नागम्माकडे गेले.