काचेच्या मागच्या बाजूने

वाकोल्याहून बोरिवलीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी यांना विचारलं, "आज तरी सांगाल ना, इतकी वर्षं काय करत होतात ते?"

"सांगत नाही, दाखवतो," हे म्हणाले.

आमचे हे हवाई दलाच्या रडार केंद्रावर होते, एवढंच मला ठाऊक. घरी 'ड्युटी' याखेरीज शब्द काढला नाही. एकाहत्तरच्या लढाईत मी खिडक्यांना काळे कागद लावून पोरांना घेऊन बसले आणि हे डोंगरावर. तो राग माझ्या मनातून गेलाच नव्हता. निवृत्त झाल्यावर यांनी हौसेने दाराची पाटी रंगवली, तीही आरशातल्यासारखी उलटी! अख्खी चाळ हसली. हे नुसतं "सवय" म्हणाले. मी पाटी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकली. आता केंद्रात नवी यंत्रं येणार, जुनी खोली मोडणार, म्हणून जुन्या माणसांना बायकांसह बोलावलं होतं. आज कळलं नाही तर कधीच कळणार नव्हतं.

बोरिवलीला रिक्षा केली. चढ लागताच ती धापा टाकू लागली. "चाचा, आगे नहीं जाएगी," रिक्षावाल्याने हात टेकले. उरलेला डोंगर पायी चढलो. दोन्ही बाजूंना कारवी आणि साग, वारा छान होता. फाटकावर पहारेकऱ्याने माझा डबा उघडायला लावला. आत घावने (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि चटणी. त्याने वास घेतला आणि हसून सोडलं.

"काय गो, इथेपण डबा?" हे लाजले.

"मग? लढाईत इथे कोण वाढत होतं तुम्हाला?"

माथ्यावर रडारची मोठी जाळी संथ फिरत होती. खाली खाडी, पलीकडे समुद्र, आणि दक्षिणेला एक विमान आमच्या वाकोल्याच्या डोक्यावरून उतरत होतं. नागपूरकडचा एक तरुण अधिकारी आम्हाला जुन्या खोलीत घेऊन गेला. तिथे पुरुषभर उंचीची काच उभी होती आणि तिच्यावर किनाऱ्याचा नकाशा.

"समुद्राकडून विमान आलं की रडारवरचा माणूस फोनवर अंतर आणि दिशा सांगायचा," तो म्हणाला. "काचेमागचा ते लिहायचा. पुढे बसलेले साहेब वाचून ठरवायचे, आपली विमानं पाठवायची का."

"पण मागून लिहिलेलं पुढून उलटं नाही दिसणार?"

"म्हणून तर काका उलटं लिहायचे! काका, दाखवा ना."

"तू पुढे उभी राहा," हे मला म्हणाले आणि काचेमागे गेले. तेलकट पेन्सिल उचलली. लिहिताना हात एकदाही अडला नाही. माझ्या बाजूला एकेक अक्षर सुलटं उमटत गेलं. ते माझं नाव होतं. उभ्या संसारात यांनी मला नावाने हाक मारलेली नाही.

"लढाईतही हेच?" मी विचारलं.

"हेच. वाकोल्यावर काही येऊ नये म्हणून."

मला रडूच आलं. इतक्या वर्षांचा राग धरून ठेवायला काही उरलं नाही. मग त्या अधिकाऱ्यालाही घेऊन झाडाखाली घावने खाल्ले. त्याने चटणी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी आधी पिंपावरची पाटी काढली, धुतली आणि दारावर ठोकली. शेजारीण बाहेर आली.

"अहो वहिनी, उलटी पाटी काय लावताय?"

"उलटी नाही ती," मी म्हटलं. "आमचे हे काचेमागे उभे होते, म्हणून तशी दिसते."