विमानतळावरचा पारा

उद्या पारा कुठवर चढणार हे अख्ख्या फिलाडेल्फियात रेमो डीफाबिओइतकं कुणाला कळत नसे. विमानतळावर सामान चढवता-उतरवता तीस वर्षं गेली, कंबर कामातून गेली, पण नदीवरचा वारा अंगात मुरला. निवृत्त झाल्यावर तो मोबाइलवरच्या सट्टाबाजारात रोज पैज लावायचा, की आज शहराचं कमाल तापमान किती. बाजार आकडा धरायचा तो विमानतळावरच्या तापमापकाचा. दक्षिणेचा वारा सुटला की नदीकाठच्या त्या यंत्रातला पारा दुपारी दोनलाच थबकतो, हे टीव्हीवाल्यांना कळत नव्हतं आणि ह्याला पक्कं ठाऊक होतं.

तिकडचे शंभर फॅरनहाइट म्हणजे आपले अडतीस सेल्सियस. एवढंच होय, म्हणून नाक मुरडू नका. डांबरी छपराखालच्या खोलीत, दमट हवेत, खिडक्या लावून बसा एकदा, मग बोलू.

त्याची थोरली बहीण फिलोमेना अशाच खोलीत राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे धरलेले, एसी नाही. चोरांच्या भीतीनं खिडकी उघडत नसे. भावाचं मात्र कोण कौतुक! गल्लीत कुणी छत्री घेऊन निघालं, तरी "आधी रेमोला विचारा," म्हणायची.

जुलैतल्या त्या गुरुवारी सकाळीच तिचा फोन आला.

"रेमो, म्हाताऱ्यांना उन्हाचं एसी हॉलवर न्यायला बस येतेय म्हणे. जाऊ का रे? गुडघा नको म्हणतोय."

"कशाला हेलपाटा घालतेस? शंभर होतच नाही आज. सत्त्याण्णव. लिहून ठेव."

"टीव्हीवर तर एकशे एक सांगतायत."

"त्यांचं कधी खरं झालंय, मेना? मला ओळखत नाहीस का तू?"

"ओळखते रे बाबा. शेंबूड पुसलाय तुझा." ती हसली. "बरं, मग नाही जात."

"पाणी पीत राहा," तो म्हणाला, पण डोळे वाऱ्याच्या आकड्यांवर होते. सहा गल्ल्यांवर तर घर. जाऊन बघून यायला हवं होतं, पण त्या दिवशी शहाणपणच नडलं.

दुपारी दोनला पारा सत्त्याण्णववर गेला, वारा फिरला आणि पारा तिथंच थांबला. रेमो एकटाच टाळ्या वाजवत उठला. पाचला बढाई मारायला त्यानं बहिणीला फोन लावला. वाजत राहिला. झोपली असेल. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायला मात्र थांबला नाही, चपला घालून निघाला.

ती खुर्चीत होती. पंखा तिच्या अंगावर गरम हवा फेकत होता. रेमोनं तिचा हात धरला आणि तिथंच जमिनीवर बसला. मीच मारलं हिला, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि खोटं कसं म्हणावं ते?

पोलिसांबरोबर सरकारी डॉक्टर आला. रिवाजाप्रमाणे त्यानं खोलीत तापमापक ठेवला, थोडं थांबला आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "एकशे बारा."

"कुठं मोजलंत?" रेमोनं विचारलं. रोजच्या सवयीनं तोंडातून गेलं.

डॉक्टरनं खुर्चीकडे बोट केलं. "इथंच. त्या बसल्या होत्या तिथं."