ओनोरातोच्या भांडखोर पेशी

अडुसष्ट वर्षांत ओनोरातो कोणाशी भांडल्याचं जेकितिन्योन्या नदीच्या खोऱ्यात कोणाला आठवत नाही. शेजारच्या बकरीने त्याचा मका फस्त केला, तेव्हा तहान लागली असेल म्हणून त्याने तिला पाणी पाजलं. भांडणाचं खातं बायकोकडे होतं. इदालिना ते मन लावून सांभाळी.

लहानपणी, कुडाच्या घरात, दोघांनाही एका रक्तपित्या किड्याने चावलं होतं. झोपलेल्याच्या गालावरच बसतो म्हणून त्याला तिथे 'न्हावी' म्हणतात. न्हाव्याने दिलेला जंतू आजही दोघांच्या अंगात मुक्कामाला. इदालिना ठणठणीत, ओनोरातोचं हृदय मात्र सुजत चाललेलं. दवाखान्यात या रोगाचा अभ्यास चालला होता, त्यासाठी दोघांनी रक्त दिलं.

"यांच्या रक्तातल्या पेशी समजूतदार आहेत," तपासणीचा निकाल आल्यावर डॉक्टर इवोने इदालिनाकडे बोट करत म्हणाल्या. "जंतू आहे ना, असू दे म्हणतात. तुमच्या पेशी, ओनोरातोकाका, एकेका जंतूमागे लाठ्या घेऊन धावतात. मार बसतो हृदयाला."

"रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असेल," ओनोरातो नम्रपणे म्हणाला.

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?" इदालिना कडाडली.

डॉक्टरांनी नळ्यांवरची नावं पुन्हा पाहिली. बरोबर होती.

ओनोरातोला एकच विचारायचं होतं. तीन राजांच्या सणाला निशाण घेऊन दारोदार गाणाऱ्या ताफ्यात चाळीस वर्षं ढोल त्याचा. यंदा?

"वाजवा खुशाल. उचलायचा मात्र नाही. आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत."

नाताळानंतर ताफा निघाला, तेव्हा ढोल इदालिनाच्या खांद्याला होता आणि टिपऱ्या ओनोरातोच्या हातात. ताफ्याचा म्होरक्या झेफेरीनो आडवा आला.

"बाईमाणसाच्या खांद्याला ढोल? आजवर झालं नाही. ओनोरातो, तू घरी बैस. वाजवील दुसरा कोणी."

इदालिनाने पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या. पण तिच्याआधी भलताच आवाज आला.

"झेफेरीनो, चाळीस वर्षं तू बेसूर गातोयस. मी कधी बोललो? ढोल तिच्याच खांद्याला राहील. नाहीतर नाचव तुझं निशाण एकटाच."

झेफेरीनोने निशाणाकडे पाहिलं, मग इदालिनाच्या बाह्यांकडे.

"चला, उशीर होतोय," तो म्हणाला.

इदालिना नवऱ्याकडे बघतच राहिली. "अरे, इतकी वर्षं कुठे होता हा भांडखोर?"

"आत," ओनोरातो म्हणाला, आणि त्याने टिपरी हाणली. इदालिनाचं पाऊल चुकलं. त्याबद्दल तिने ढोलाला चार शब्द सुनावले.