हॉप्सची शेवटची मूठ

माझा नवरा ओटाकर बेचाळीस वर्षं वास घेण्याचा पगार घेत होता. बाहेरगावचे लोक हे ऐकून हसतात, आमच्याकडे कुणी हसत नाही. बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीवरची बोंडं म्हणजे हॉप्स, शहरातल्या त्यांच्या वखारीत तो पारखी होता. पोतं उघडायचं, मूठभर बोंडं घ्यायची, पिवळी पूड सुटेपर्यंत दोन्ही तळहातांत चोळायची आणि ओंजळीत नाक घालायचं. मग तो सांगायचा, माल कुठल्या गावचा, तोडणीच्या आठवड्यात पाऊस पडला होता का, वाळवताना कुणी घाई केली का. त्याने मान हलवली की शेतकरी हुज्जत न घालता पोतं परत न्यायचा. त्याच वखारीत वरच्या मजल्यावर मी एकतीस वर्षं पोत्यांची तोंडं शिवली. नाक मलाही होतं आणि रोज त्याच वासात होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगणाऱ्यांतली मी नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या धुण्याच्या खोलीत बिअर करायला घेतली. तीस लिटरचं पातेलं, त्यात मोड आणलेल्या जवाचा काढा, खाली गॅसची शेगडी. गावातले निम्मे पुरुष आणि दोन-चार बायका शनिवारी शिकायला यायच्या. हॉप्स तीनदा टाकतात. पहिली मूठ उकळी फुटताच, ती कडूपणासाठी. दुसरी मधे. तिसरी अगदी शेवटी, आच बंद करताना, आणि ती फक्त वासासाठी. बटाट्याच्या सुपात मरवा शेवटी तळहातावर चोळून टाकतात ना, तसंच. आधी टाकलात तर वास घरभर सुटतो आणि ताटात काही उरत नाही. ओटाकर प्रत्येकाला बजावायचा, "पहिली मूठ कुणीही टाकेल. शेवटच्या मुठीला माणूस कळतो."

तीन हिवाळ्यांपूर्वी त्याला ताप आला आणि तो आठ दिवस अंथरुणात होता. उठल्यावर पहिल्याच शनिवारी त्याने डब्यातून मूठ घेतली, चोळली, नाकाला लावली. परत चोळली. बोंडांचा भुगा झाला तरी चोळतच राहिला.

"ब्लाझेन्का, हे हॉप्स मेलेत का गं?"

डबा उघडल्यापासून खोली घमघमत होती. मी म्हणाले, "चांगले आहेत."

तो उलट्या बादलीवर बसला. बराच वेळ आपल्या पिवळ्या तळव्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही. आला नाही. तेव्हापासून त्याच्या जागी मी वास घेऊ लागले. शनिवारी मी पातेल्याजवळ उगाच पुसापुशी करत उभी राहायची आणि वेळ झाली की हळूच "आता" म्हणायची. तो मूठ टाकायचा. मे महिन्यात आमच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये घरच्या बिअरची स्पर्धा भरते. तिथे परीक्षक तोच, आणि निकाल लिहायला शेजारी मी. ग्लास पुसायच्या निमित्ताने मी आधी हुंगायची, मग त्याच्या हातात द्यायची आणि कागदावर दोन-तीन शब्द लिहायची. तो ग्लास नाकाखाली धरून चष्म्यातून खाली बघायचा आणि बोलायचा. दोन वर्षं कुणाला संशय आला नाही. उलट लोक म्हणायचे, म्हातारा आता जास्तच नेमकं बोलतो, आणि त्याची बिअरही पूर्वीपेक्षा चांगली होते.

खोटं कशाला सांगू, मला ते गोड लागायचं. आणि डाचायचंही. घरी आल्यावर ओटाकर माझ्या पाठीवर थोपटायचा. मला थोपटणं नको होतं, नाव हवं होतं. पण ते मागायचं कुणाकडे?

गेल्या हिवाळ्यात लिबुशे शिकायला आली. पोस्टातून निवृत्त झालेली, विधवा, बोलायला मोकळी. हात चांगला होता तिचा. एका शनिवारी तिने शेगडी बंद केली आणि शेवटची मूठ हातात धरून नुसती उभी राहिली.

"टाका की," मी म्हणाले.

"जरा निवू दे म्हणते. पातेल्यापाशी हात धरवेल एवढं. मग टाकून झाकण लावते अर्धा तास. उकळत्यात टाकलं की वाफेबरोबर निम्मा वास जातोच की."

"असं कुणी करत नाही. काढा नासेल."

ती हसली. वाईट मनाने नाही, पण हसली. "तुम्ही राहू द्या ब्लाझेन्काबाई. मी मास्तरांना विचारते."

आणि मास्तर, ज्याला त्या क्षणी खोलीत हॉप्स आहेत की कांदे हेही कळत नव्हतं, तो म्हणाला, "करून बघ, लिबुशे." मी फडकं पिळलं आणि आत निघून गेले. एवढंच झालं. पुढे मी जे केलं त्याला यापेक्षा मोठं काही कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण एवढंच होतं.

मग मे आला. हॉलमध्ये बिअरचे सात जग होते, चरबी लावलेला पाव, वर कांदा, आणि बक्षिसाचा धुरावलेला हॅम खिडकीत टांगलेला. आमच्याकडे लपवाछपवी नाही, ज्याची बिअर तो स्वतः जग घेऊन परीक्षकापुढे येतो. मात्र परीक्षक बोलेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, हा जुना रिवाज आहे. सहा जग झाले. सातवी लिबुशे. तिने झाकण उचललं आणि पहिल्या तीन बाकांवरची माणसं एकदम ताठ बसली. तोडणीच्या सकाळी मळ्यात शिरल्यावर येतो तसा तो वास होता. इतका ताजा वास मला दोन वर्षांत एकदाही काढता आला नव्हता. मी सांगत होते ते चूक होतं आणि ती करत होती ते बरोबर होतं, हे मला ग्लास हातात घेण्याआधीच कळलं.

मी ग्लास पुसला, हुंगला, त्याच्या हातात दिला आणि लिहिलं, "वास नाही. लवकर टाकले."

ओटाकरने कागद वाचला. मान वर करून हॉलभर बघितलं, मग परत कागदाकडे. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "कडूपणा ठीक. पण वास नाही, लिबुशे. शेवटची मूठ तू फार लवकर टाकलीस."

 लिबुशेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग अग्निशमन दलाचा प्रमुख लुमीर हसत उठला. "मास्तर, थट्टा पुरे हं! माझे डोळे बांधा आणि मला दारात उभं करा, तरी मी या जगापर्यंत चालत येईन. परत बघा." त्याने ग्लास ओटाकरच्या नाकाखाली धरला.

पेन माझ्या हातात होतं. दुसरा शब्द लिहायला तेव्हाही वेळ होता. ओटाकरने कागदाकडे पाहिलं. मी पेन टेबलावर ठेवलं.

तो उठून उभा राहिला. कागदाची घडी केली, कोटाच्या खिशात टाकली. "लिबुशे, माफ कर," तो म्हणाला. "तुझ्या बिअरमध्ये काही खोट नाही. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं?" मागून कुणीतरी ओरडलं. "मग गेल्या साली माझी बिअर 'गवतासारखी' ठरवली ती कशावरून?"

"अंदाजाने."

"घ्या!" लुमीर म्हणाला. "म्हणजे दोन वर्षं आपण अंदाजपंचे हॅम वाटले!"

हॉल हसला. बेचाळीस वर्षं ज्याच्यासमोर शेतकरी टोपी काढून उभे राहायचे, त्याला ते हसले, आणि तोही त्यांच्याबरोबर थोडा हसला. माझं नाव त्याने घेतलं नाही. मी शेजारी बसले होते, हात मांडीवर ठेवून, एखाद्या बिचाऱ्या बायकोसारखी. एक बाई माझा खांदा दाबून म्हणाली, "तुम्हाला किती सोसावं लागलं असेल." मी मान डोलावली. लाज वाटणं म्हणजे काय, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

घरी जाताना चर्चपाशी तो थांबला. मग म्हणाला, "तुला सर्दी झाली असणार."

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिबुशेच्या दारात परत माफी मागायला गेला. मी पडद्याआडून बघत होते. ती त्याला आत ओढत होती आणि तो टोपी हातात धरून पायरीवरच उभा होता. संध्याकाळी त्याने माझ्या सर्दीसाठी लिंडनच्या फुलांचा काढा केला. वास येत नसल्यामुळे फुलं दुप्पट पडली आणि काढा कडूजहर झाला. मी प्यायले. दुसऱ्या दिवशी परत केला. तिसऱ्या दिवशी त्याने कप समोर ठेवला, वर मधाचा चमचा, आणि विचारलं, "नाक मोकळं झालं का गं जरा?"

माझ्याने ते ऐकवलं नाही. "मला सर्दी नव्हती," मी म्हणाले. "मला वास आला होता. सगळ्यांच्या आधी आला होता. तिने माझं ऐकलं नाही म्हणून मी ते लिहिलं."

तो उभा होता तो खुर्चीत बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. भांडणात मला उत्तरं सुचतात.

"लिबुशेने झाकण उचललं तेव्हा मला सगळ्यांचे चेहरे दिसले होते," तो म्हणाला. "क्षणभर वाटलं, कागद चुकतोय. मग म्हटलं, लोक काय, लोक कशालाही भुलतात. ब्लाझेन्का दोन वर्षांत एकदाही चुकली नाही."

 त्याने कप उचलला, काढा मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला.

लिबुशेला मी अजून सांगितलेलं नाही. ती रस्त्यात भेटली की मास्तरांची तब्येत विचारते आणि मी सांगते, बरे आहेत. रोज ठरवते की आज तिच्याकडे जायचं. एकदा फाटकापर्यंत गेलेही.

शनिवारी त्याने पातेलं चढवलं. शिकायला कुणी आलं नव्हतं. मी नेहमीसारखी फडकं घेऊन जाऊन उभी राहिले. पहिली मूठ पडली, दुसरी पडली, मग त्याने शेगडी बंद केली आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ आणून खिडकीत ठेवलं. आता काढा लिबुशेच्या पद्धतीने निवू द्यायचा होता. वाफेचा वास बदलला तसं मला कळलं, हीच वेळ. मी हळूच म्हणाले, "आता."

तो घड्याळाकडे बघत होता. "अजून चार मिनिटं आहेत," तो म्हणाला.

शेवटची मूठ हातात घेऊन तो ती चार मिनिटं उभा राहिला, आणि मी त्याच्या शेजारी.