साबण मागितला तेव्हा

ताडकळसहून मी अरबी शिकायला कैरोला गेले. पुस्तकातली अरबी थोडीफार येत होती, पण रस्त्यावरचं बोलणं काही केल्या कळेना. चौथ्या दिवशी आईला फोन केला, "मला काईच समजंना. मी परत यायलेय."

"आठ दिस तरी काढ की गं," आई म्हणाली.

वसतिगृहाखाली एका म्हाताऱ्याचं किराणा दुकान होतं. बोटानं दाखवलेली वस्तू तो द्यायचाच नाही. मान तिरपी करून, कानामागे हात धरून शब्दाची वाट पाहायचा. मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. दोनदा तर मी काही न घेताच परतले.

फोननंतर दोन दिवसांनी कपडे धुवायचे होते. अरबी शब्द आठवेना. वैतागून मी सरळ मराठीत म्हटलं, "साबण!"

"साबून," म्हणत त्यानं वडी पुढे ठेवली.

मी चकित झाले. त्याच्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "खुर्ची?"

"कुर्सी."

"दुकान?"

"दुक्कान!"

हे शब्द पुस्तकात वाचले होते. पण ते आमच्या बाजारातलेच आहेत, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. म्हातारा खुशीत मांडीवर थाप मारून, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मुली, थोडी अरबी तू घरूनच आणलीस. उरलेली इथं घे."

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी आईला सांगितलं, "मी इथंच राहायलेय."

"समजायलंय का मग?"

"थोडं थोडं. आज दुकानदाराशी बोलले."

पलीकडे ती बाबांना मोठ्यानं सांगत होती, "आवं, पोरगी बोलायलीय!"